कपाटात माझ्या कामाचं काय आहे?



दारव्हा तालुक्यातल्या एका गावी मी गेलो होतो. गाव लहान, पण वाचनालय आहे. एक खोली, तीन कपाटं, खाली सतरंजी आणि खिडकीशी वर्तमानपत्रं. संध्याकाळची वेळ होती. चारदोन पोरं पेपर चाळत बसली होती. तेवढ्यात रानातून परत आलेले एक शेतकरी दाराशी थांबले. बैल बाहेर उभे होते, म्हणून आत काही आले नाहीत. दारातूनच म्हणाले, “गुर्जी, एक इचारू का? या कपाटात कादंबऱ्या हायेत, थ्या पोरायले. पोथ्या हायेत, थ्या म्हातारीले. माह्या कामाचं काय हाये याच्यात?”

प्रश्न सरळ होता, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, “भाऊ, तिसऱ्या कपाटात असेल काही.” त्या तिसऱ्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. ती सापडेपर्यंत भाऊ बैल घेऊन घरी गेले होते. कपाट उघडलं तेव्हा धूळ अंगावर आली, आणि धुळीबरोबर एकेक पुस्तक हाती येऊ लागलं. मातीवरचं, पाखरांवरचं, ताऱ्यांवरचं, इतिहासाचं. बहुतेकांची पानंसुद्धा कापलेली नव्हती.

आजचं हे भाषण म्हणजे त्या दारातल्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

गोष्टीपलीकडची पुस्तकं

ग्रंथालयाच्या भाषेत पुस्तकांचे ढोबळ दोन भाग करतात. कथा, कादंबरी, कविता, नाटक हे ललित. बाकीचं सगळं ललितेतर. आता ‘ललितेतर’ हा शब्द ऐकला की माणसाला वाटतं, हे काहीतरी उरलंसुरलं असावं. धान्य पाखडताना सुपाबाहेर उडालेला कोंडा असावा, तसं. वस्तुस्थिती उलटी आहे. शेती, आरोग्य, कायदा, इतिहास, भूगोल, आकाश, प्राणी, व्यापार, चरित्र, प्रवास हे सारं त्या एका शब्दात कोंबलेलं आहे. माणसाचा दिवस ज्या गोष्टींत जातो, त्या बहुतेक सगळ्या तिथंच आहेत.

आणि ही काही बाहेरून आलेली चैन नव्हे. आपल्या वऱ्हाडालाच तिचा मान आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर म्हणून गाव आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ मानतात. तो कसा तयार झाला हे पाहण्यासारखं आहे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे म्हाइंभट गेले. प्रत्येकाला आठवणी विचारल्या, त्या टिपून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. म्हणजे कल्पनेनं रचायचं नाही. विचारायचं, टिपायचं, पडताळायचं आणि मग लिहायचं. ज्ञानाच्या पुस्तकाची सारी रीत यात आली. सातशे वर्षांपूर्वी हे काम आपल्या मातीत झालं, आणि आज आपणच म्हणतो की असली पुस्तकं शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांची!

एका बोंडाचा माग

आता कपाटात शिरायचं कुठून? मी एक सोपी युक्ती सांगतो. विषयाच्या नावानं शिरू नका, आपल्या हातातल्या वस्तूनं शिरा. यवतमाळच्या माणसाच्या हातात पहिली वस्तू येते ती कपाशीचं बोंड. तेच धरून चालू या.

पहिली पायरी शेतीच्या पुस्तकांची. पेरणीचं अंतर, खताची मात्रा, रोग आणि किडी यांची माहिती तिथं मिळते. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. त्याची ‘कृषी संवादिनी’ शेतकऱ्याच्या घरी पंचांगाशेजारी ठेवावी अशी आहे.

पण बोंड उकललं की दुसरा प्रश्न पडतो. हा धागा येतो कुठून? याचं उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत लांबत जाते आणि तिचा एक तंतू होतो. म्हणजे कापसाचा प्रत्येक धागा ही एकेक पेशी आहे! बोंडाच्या आत गुलाबी अळी दिसली, तर कीटकशास्त्राचं पुस्तक उघडावं लागतं. अंडं, अळी, कोष आणि पतंग असा तिचा जन्मक्रम आहे. अळी एकदा बोंडात शिरली की वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कामगंध सापळे लावून पतंगावर आधीच नजर ठेवायची आणि हंगाम संपल्यावर फरदड घ्यायची नाही. हा सल्ला आपण शेतकी खात्याकडून ऐकतो; त्यामागचं कारण मात्र पुस्तकात कळतं. आणि कारण कळलेला सल्ला माणूस विसरत नाही. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या हंगामात त्याच कपाशीवर गुलाबी अळीनं विदर्भभर थैमान घातलं. हे का झालं, किडीची पिढ्यान्‌पिढ्या सवय कशी बदलते, हा विज्ञानातला मोठा रंजक विषय आहे, आणि आपल्या खिशाशी त्याचा सरळ संबंध आहे.

तिसरा प्रश्न. वऱ्हाडात एवढा कापूस कोणी आणि केव्हा वाढवला? इथं इतिहासाचं कपाट लागतं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सातासमुद्रापलीकडे बंदूक सुटते आणि तिचा धक्का दिग्रसच्या बाजारात बसतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच घडून गेलेलं आहे. यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून आपल्या प्रांताची हकीकत मराठीत आणली. आपल्या जिल्ह्याचं नाव आधी ‘वणी जिल्हा’ होतं, ते १९०५ साली ‘यवतमाळ’ झालं. किती शाळांतल्या मुलांना हे ठाऊक आहे? १९०८ साली इंग्रजीत निघालेलं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटियर आणि पुढं महाराष्ट्र शासनानं काढलेली त्याची नवी आवृत्ती यांत जिल्ह्यातल्या नद्या, टेकड्या, पिकं, जमाती, बाजार, देवळं यांची माहिती खच्चून भरलेली आहे. शिक्षकांना मी मुद्दाम सांगेन: मुलांना भूगोल शिकवताना हे पुस्तक जवळ ठेवा. जगाच्या नकाशाआधी पैनगंगेचा काठ पाहिलेला बरा.

चौथा प्रश्न समाजाचा. पीक येतं आणि तरी घरात कर्ज राहतं, हे कसं? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात नुसतं रडगाणं नाही. शेतसारा, सावकारी, कोर्टकचेरी, जनावरं, पाणी यांचा एकेक हिशेब मांडला आहे, आणि पावसाचं पाणी रानात मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधण्याची सूचनाही आहे. त्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ साली, वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. बायकांनाच दोष देणाऱ्या समाजाला त्यांनी रोखठोक जाब विचारला. पुढं हे पुस्तक लोक विसरून गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, तेव्हा कुठं ते वाचकांच्या हाती आलं. नव्वद वर्षं एक पुस्तक असं धुळीत पडून राहिलं! आपल्या गावातल्या कुलूपबंद कपाटात काय काय पडलं असेल, याचा विचार यावरून करावा.

आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, बंजारा अशा अनेक समाजांची वस्ती आहे. शेजारी राहूनही आपण एकमेकांना पुरते ओळखत नाही. दुर्गाबाई भागवतांनी मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये हिंडून त्यांच्या चालीरीती आणि लोककथा अभ्यासल्या. इरावती कर्वे यांनी ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहिली. गोदावरी परुळेकर यांनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशी पुस्तकं वाचली म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात दोन पावलं टाकल्यासारखं होतं.

मृगाचा हिशेब आणि एक शिक्षक

बोंडाचा माग अजून संपला नाही. कपाशी पेरायची केव्हा? आपण म्हणतो, मृग लागला की. मृग लागतो म्हणजे काय होतं? सूर्य आकाशात मृग नक्षत्राच्या ठिकाणी येतो. हल्ली हे ७-८ जूनच्या सुमारास घडतं. पण एक गंमत पाहा. नक्षत्रांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. वीस मिनिटं म्हणजे काय मोठंसं! पण ती साठत जातात, आणि सुमारे सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्या काळी मृग ऋतूच्या हिशेबानं आजच्यापेक्षा पाचेक दिवस आधी लागत असला पाहिजे. म्हणजे नक्षत्र हळूहळू पुढं सरकतं आहे; पाऊस मात्र सूर्याच्या ऋतूंना धरून चालतो. आजोबांचा ठोकताळा नातवाच्या काळात थोडा चुकला, तर त्यात आजोबांची लबाडी नाही आणि आकाशाचीही नाही.

हा सगळा विषय शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मराठीत मांडला. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित कोण होते? मोठ्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलं. शाळेत शिकवणं हा त्यांचा पेशा. त्या नोकरीतून सवड काढून त्यांनी जुने ग्रंथ जमवले, गणितं करून पाहिली आणि असं पुस्तक लिहिलं की देशोदेशीच्या विद्वानांना त्याची दखल घ्यावी लागली. सर्वसाधारण वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे सुबोध पुस्तकही लिहिलं. गुरुजनहो, आपल्याच पेशातल्या माणसाचं हे काम आहे, हे आपण विसरता कामा नये.

आकाशावरून खाली रानात उतरावं, तर मारुती चितमपल्ली भेटतात. वनखात्यात नोकरी करता करता नवेगाव बांध, नागझिरा आणि मेळघाटच्या जंगलांत त्यांची हयात गेली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ अशी पुस्तकं आणि ‘पक्षिकोश’ त्यांनी मराठीला दिला. २०२५ साली ते गेले. टिपेश्वरच्या आसपास राहणाऱ्या माणसानं ही पुस्तकं वाचली, तर रोजचंच रान त्याला नवं वाटेल. आणि बाराही महिन्यांचं निसर्गाचं रूप पाहायचं असेल, तर दुर्गाबाईंचं १९५६ सालचं ‘ऋतुचक्र’ आहेच.

चरित्रांचं आणि आठवणींचं कपाट तर सर्वांत सोपं. कारण तिथं ज्ञान असूनही गोष्टीची गोडी असते. विष्णुभट गोडसे हे कोकणातले भिक्षुक. चार पैसे मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरातल्या बायकांना वाचून दाखवा. हसता हसता डोळ्यांत पाणी येईल. आणि आपल्या वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी तर लोकमान्य टिळकांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिलं. त्या ‘तिलकयशोऽर्णवः’ ग्रंथाला त्यांच्या पश्चात, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

एका बोंडाचा माग काढत आपण कुठं कुठं हिंडून आलो, पाहा. शेती, वनस्पती, किडी, इतिहास, समाज, आकाश, रान, माणसं. मोठ्या ग्रंथालयांत विषयांची मांडणी दहा भागांत करतात. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली ही पद्धत काढली. तिच्यात कपाशीच्या पिकाचा आकडा एका फडताळावर असतो, सुताचा दुसऱ्यावर आणि कापसाच्या व्यापाराचा तिसऱ्यावर. म्हणून एकाच फडताळाशी थांबू नये. शेजारची कपाटंही चाळावीत.

छापलं म्हणून खरं नव्हे

आता एक सावधगिरीची गोष्ट. छापील अक्षराला आपण फार मान देतो. पण छापलं म्हणून खरं, असं नाही. ज्ञानाचं पुस्तक हाती घेतलं की चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, पुस्तकाचं साल. मुखपृष्ठाच्या आतल्या पानामागे ते छापलेलं असतं. काही पुस्तकं जुनी होत नाहीत. दीक्षितांचा ग्रंथ आजही कामाचा आहे. पण शेतीच्या आणि औषधांच्या पुस्तकांना वय असतं. साठ वर्षांपूर्वीच्या शेतकी पुस्तकात एंड्रिन फवारा, डीडीटी वापरा असं बिनदिक्कत लिहिलेलं सापडेल. आज एंड्रिनवर बंदी आहे, आणि शेतात डीडीटी वापरायलाही मनाई आहे. एंडोसल्फान तर २०११ साली बंद झालं. असं पुस्तक इतिहास म्हणून जरूर वाचावं, त्यातला सल्ला मात्र घेऊ नये.

दुसरी, लिहिणारा कोण आणि त्याला हे कसं कळलं. त्यानं स्वतः पाहिलं, प्रयोग केला, कागदपत्रं तपासली, की ऐकीव सांगतो आहे? चांगला लेखक प्रस्तावनेत हे सांगून टाकतो. म्हणून प्रस्तावना ओलांडून पुढं पळू नये.

तिसरी, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची. सारं पुस्तक वाचायलाच हवं असं नाही. विहिरीत सारं पाणी असतं, आपण बादलीभर काढतो. सूचीत आपला शब्द शोधा, तेवढी पानं वाचा. गोडी लागली तर पुढं वाचा.

चौथी, ते पुस्तक कोणत्या जमिनीबद्दल, कोणत्या माणसांबद्दल, कोणत्या काळाबद्दल बोलतं. या चौथ्या गोष्टीकडे शेवटी परत येऊ.

वाचनाची ही सवय म्हणजे नुसती हौस नव्हे, हे सांगायला जड वाटतं. पण सांगितलंच पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याची कारणं अनेक होती. उंच वाढलेली पराटी, एकमेकांत मिसळलेली औषधं, अंगावर संरक्षणाचं काही नसणं. तो दोष त्या गेलेल्या माणसांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. मजुरी करणाऱ्याला कोणी माहितीपत्रक हातात देतं का? पण आपण एवढं तरी शिकावं की औषधाच्या डब्यावर एक चौकोन उभा असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानानं कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. डब्यावरचं बारीक अक्षर हेही एक वाचनच आहे. आणि जो जाड पुस्तकाला भीत नाही, तो बारीक अक्षरालाही भीत नाही. घरातली शाळेत जाणारी पोर ते वाचून दाखवू शकते. तिला तेवढं सांगितलं मात्र पाहिजे.

पुस्तक मिळवायचं कुठं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या गावात ही पुस्तकं कुठून यायची? महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामुळं गावच्या वाचनालयाला वर्गाप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं. वाचनालयाच्या कार्यकारिणीला गावकऱ्यांनी सांगितलं पाहिजे की दरवर्षीच्या खरेदीत अमुक पुस्तकं आमच्या कामाची घ्या. मागणीच झाली नाही, तर कपाटात तेच ते येत राहणार.

कोशांचा उपयोगही फार थोडे लोक करतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीच्या शाळेत शिकलेले. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा ध्यास घेतला. कामाची सुरुवात नागपुरात झाली, मग ते पुण्याला गेलं. गावोगाव वर्गणीदार मिळवून त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पुरे केले. पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला ‘मराठी विश्वकोशा’चं काम उभं राहिलं, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. आज हा विश्वकोश मोबाइलवरही फुकट वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकंही तशीच मिळतात. ज्या फोनवर आपण लग्नाचे फोटो पाहतो, त्याच फोनवर ‘कापूस’ हा एक शब्द विश्वकोशात शोधून पाहा. तासभर निघून जाईल.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढं भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक ठरले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतल्या दोहोंचा आशय असा की कोणताही वाचक आपल्या पुस्तकावाचून राहू नये आणि कोणतंही पुस्तक आपल्या वाचकावाचून पडून राहू नये. त्याच वर्षी तामिळनाडूत मन्नारगुडी इथं बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं. बैलगाडी आपल्याला काही नवी नाही. कापूस नेताना जशी भरतो, तशी पुस्तकांनीही भरता येते, एवढंच.

चौघांनी मिळून वाचावं

ज्याला अक्षरओळख नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी कान आहेत. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली. ठरल्या दिवशी लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. पडताळणी केली तेव्हा असं दिसलं की, अशी मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. ऐकणं आणि बोलणं यांची जोड झाली, म्हणून ती पडली.

पुस्तकाचंही तसंच करावं. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक जण वाचणारा, बाकीचे ऐकणारे. अर्धा तास वाचन, अर्धा तास बोलणं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ अशीच जन्माला आली, हे आपल्याला माहीत असेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. तुरुंगात जर अशी बैठक बसू शकते, तर मारुतीच्या पारावर बसायला काय हरकत आहे?

शिक्षकांनी तीन कामं करावीत. कपाटाची किल्ली सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. पुस्तकांची यादी लेखकाच्या नावानं न करता गावच्या गरजेनं करावी, म्हणजे ‘जमीन’, ‘जनावरं’, ‘आजारपण’, ‘कायदा’, ‘आपला जिल्हा’, ‘आकाश’ अशी, आणि ती भिंतीवर लावावी. आणि महिन्यातून एक पुस्तक स्वतः वाचून त्यातली एक गोष्ट मुलांना सांगावी. मुलं ती घरी नेतात. आपल्याला वाटतं त्याहून लांब नेतात.

आता त्या दारातल्या भाऊंचं काय झालं, ते सांगून संपवतो. त्या संध्याकाळी मी मातीवरचं एक पातळ पुस्तक त्यांच्या घरी पोचतं केलं. दिवाळीनंतर पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा भाऊ पुस्तक घेऊन आले. या खेपेला आत येऊन बसले. म्हणाले, “गुर्जी, पुस्तकवाला चुकला.”

मी विचारलं, “काय चुकलं, भाऊ?”

“थो म्हंते, पाणी इतके दिवस राह्यते जमिनीत. माह्या वावरात चार दिवस नाई राहात.”

मी म्हटलं, “तुमचं वावर कसं आहे?”

“बरड हाये. टेकडीच्या अंगाले.”

आम्ही दोघांनी पुस्तक उघडलं. प्रस्तावनेतच लिहिलं होतं की ही माहिती खोल काळ्या जमिनीची आहे. भाऊंनी ते वाक्य बोट फिरवत दोनदा वाचलं. म्हणाले, “म्हंजे चुकला नाई. माह्या जमिनीचं बोललाच नाई थो.” मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तं बरडीचं पुस्तक द्या.”

त्या कपाटात ते पुस्तक नव्हतं. आम्ही एका कागदावर मागणी लिहिली, त्यावर भाऊंनी सही केली, आणि कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत ठेवायला म्हणून तो कागद दप्तराला लावला. त्या वाचनालयाच्या दप्तरात शेतकऱ्यानं सही करून मागितलेलं ते पहिलंच पुस्तक होतं.

श्रोतेहो, आपल्या गावच्या वाचनालयात जा, आणि तुमच्या कामाचं तिथं काय आहे ते विचारा. नसेल तर मागणी लिहून द्या.